तूप न वाढलेले ताट : दिवेआगरच्या घरगुती खानावळी आणि व्हीगन प्रवासी

दिवेआगरच्या घरगुती खानावळींत जेवणाची मागणी आदल्या रात्री, निदान सकाळी नाश्त्याच्या वेळी तरी नोंदवावी लागते, आणि व्हीगन आहार पाळणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने या गावाविषयीची सर्वांत उपयोगी माहिती हीच होय. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील हे गाव नारळी-पोफळीच्या वाड्यांत वसलेले असून, १९९७ साली एका वाडीत सुवर्णगणेशाचा मुखवटा सापडल्यानंतर येथे येणाऱ्यांचा ओघ वाढला आणि राहत्या घराच्या पडवीत किंवा अंगणातल्या मांडवात टेबले टाकून पाहुण्यांना जेवू घालणे हा अनेक कुटुंबांचा जोडधंदा झाला. अशा स्वयंपाकघरात शहरी उपाहारगृहासारखी लोणी, साय आणि काजू घालून आधीच शिजवून ठेवलेली ग्रेव्ही नसते. किती माणसे जेवणार हे कळल्यावर नारळ फोडले जातात, मासे हवे असतील तर जवळच्या भरडखोलसारख्या कोळीवस्तीतून आणले जातात, आणि मोदकांची उकड तर मोजून काढली जाते. जेथे सर्व काही मागणीनंतर शिजते तेथे काय घालू नये हेही वेळेवर सांगता येते. महामार्गावरच्या मोठ्या ढाब्यात ही सोय नसते, कारण तेथे पदार्थ सांगण्यापूर्वीच अर्धा तयार झालेला असतो.

व्हीगन आहार म्हणजे मांस, मासे व अंडी यांच्याबरोबरच दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर आणि मध हेही वर्ज्य करणारा, केवळ वनस्पतींपासून मिळणाऱ्या पदार्थांवर चालणारा आहार. ही संज्ञा १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, दुधाला मुभा देणाऱ्या शाकाहारापासून आपली भूमिका वेगळी दाखवण्यासाठी रूढ केली. भारतात शाकाहाराची परंपरा मोठी असली तरी ती दुधाला केवळ मुभा देऊन थांबत नाही, त्याला पवित्रही मानते. त्यामुळे वेष्टनावरचा हिरवा ठिपका दूध-तुपाच्या पदार्थांनाही मिळतो आणि व्हीगन ग्राहकाला त्यावरून काहीच बोध होत नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन अन्नासाठी स्वतंत्र नियम आणि स्वतंत्र चिन्ह आणले खरे, पण ते वेष्टनबंद मालापुरते उपयोगी आहे. पडवीतल्या ताटावर कोणतेही चिन्ह छापलेले नसते, तेथे बोलूनच निभावून न्यावे लागते.

हे बोलणे दिवेआगरमध्ये तुलनेने सोपे जाते, आणि त्याचे कारण कोकणच्या भूगोलात आहे. जोरदार पाऊस, उताराची तांबडी जमीन आणि वर्षातला मोठा काळ चाऱ्याची टंचाई, यांमुळे कोकणपट्टीत देशावरच्यासारखी दुभती जनावरे फारशी पोसली गेली नाहीत. येथली कोकण कपिला ही गाईची जात काटक आणि लहान चणीची असून ती दूध थोडे देते आणि तिचे बैल भाताच्या चिखलणीला उपयोगी पडतात. दूध कमी आणि नारळ विपुल, या परिस्थितीत दाटपणा, गोडवा व स्निग्धता आणण्याचे जे काम देशावर साय, खवा आणि दही करतात ते येथे नारळाने उचलले. म्हणूनच किनाऱ्यावरच्या जुन्या पदार्थांपैकी कितीतरी पदार्थ कोणताही बदल न करता व्हीगन ठरतात, आणि ते रांधणाऱ्या बाईला ही गोष्ट सांगितल्यावर तिला त्यात विशेष असे काही वाटत नाही.

नारळाचा रस काढणे हे या स्वयंपाकातले मुख्य काम आहे आणि सर्वांत जास्त वेळही त्यातच जातो. नारळ फोडून त्याची वाटी विळीच्या खवणीवर खोवायची, करवंटीलगतची काळपट पाठ शक्यतो उतरू द्यायची नाही, खोवलेले खोबरे कोमट पाण्यासह पाट्यावर किंवा आता सर्वत्र मिक्सरमध्ये वाटायचे आणि स्वच्छ पातळ फडक्यातून पिळायचे, म्हणजे पहिला, दाट रस निघतो. उरलेल्या चोथ्यावर पुन्हा पाणी घालून वाटले की दुसरा, पातळ रस मिळतो. आमटी किंवा उसळ शिजते ती पातळ रसात. दाट रस शेवटी घालून भांडे मंद आचेवर फक्त गरम करायचे असते, कारण जोराची उकळी आली की रसातील प्रथिने गोठतात, स्निग्धांश वेगळा होतो आणि रस फुटतो. सोलकढीला तर आच लावतच नाहीत. कोकमाच्या फळाच्या सालींना मीठ लावून काढलेला आंबट, गडद लाल अर्क म्हणजे आगळ, आणि वाळवलेल्या साली म्हणजे आमसुले. आगळात किंवा भिजवलेल्या आमसुलांच्या पाण्यात दाट रस, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, मीठ आणि कोथिंबीर घातली की सोलकढी होते. आंबटामुळे रस काही वेळाने वेगळा होऊ लागतो, म्हणून सोलकढी पंगत बसण्याच्या सुमारासच करायची आणि वाढताना ढवळून वाढायची, अशी रीत आहे.

गोडाच्या बाबतीत नारळाचा अधिकार याहून स्पष्ट दिसतो. गौरीच्या नैवेद्याला होणारे घावन-घाटले घेतले तर घावन म्हणजे भिजवून वाटलेल्या तांदळाचे किंवा तांदळाच्या पिठाचे पातळ, जाळीदार धिरडे, आणि घाटले म्हणजे नारळाचा रस, गूळ, वेलची व दाटपणासाठी थोडे तांदळाचे पीठ घालून शिजवलेली गोड पातळसर खीर. दोहोंत दुधाचा थेंब नाही. गुळाच्या नारळरसातल्या शेवया, हळदीच्या पानात वाफवलेले पातोळे आणि फणसाच्या रसात तांदळाचा रवा भिजवून केलेली सांदणे यांचीही तीच गोष्ट आहे. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या कोकणी मुसलमान घरांतले सांदण याहून वेगळे असते: तांदूळ आणि नारळाचा रस यांचे पीठ पूर्वी माडीने, म्हणजे माडाच्या आंबवलेल्या रसाने फुगवून वाफवत असत, आणि ते पांढरे, हलके, किंचित गोड होते. ते बहुधा मटणाच्या रश्श्याबरोबर खाल्ले जात असले तरी सांदण स्वतः वनस्पतीजन्यच आहे. किनाऱ्यावरच्या वनस्पतीजन्य स्वयंपाकाची परंपरा केवळ शाकाहारी घरांनी राखली, असे समजणे त्यामुळे चुकीचे ठरते.

अडचण येते ती शेवटच्या हातात. पाने मांडून झाली, गरम भात आणि त्यावर वरण वाढून झाले की तुपाची वाटी फिरते. भातावर पडणाऱ्या या पहिल्या तुपाला अन्नशुद्धी म्हणतात आणि ते वाढल्याखेरीज जेवणाला आरंभ करणे अनेक घरांत अपुरे मानले जाते. पाहुण्याला तूप न वाढणे म्हणजे आदरात कसूर, ही भावना इतकी खोल आहे की सकाळी सांगितलेले दुपारी लक्षात असूनही हात सवयीने वाटीकडे जातो. मोदकांचेही तसेच आहे. सारण ओल्या नारळाचे आणि गुळाचे, पारी तांदळाच्या पिठाच्या उकडीची, म्हणजे मूळ पदार्थ निर्दोष. परंतु उकड मऊ राहावी म्हणून पाण्यात चमचाभर तूप किंवा लोणी आणि काही घरांत पाण्याऐवजी निम्मे दूध घालतात, आणि वाफाळलेला मोदक फोडून त्यात तूप सोडणे हा तर खाण्याच्या रीतीचाच भाग आहे. उकडीत तुपाऐवजी तेल चालते आणि वरून दाट नारळरस घेता येतो. तुपाच्या मोदकाची चव याने येते असा दावा मात्र कोणी करू नये. ती वेगळी चव आहे, आणि सारणातल्या खोबऱ्याशी तिचे बरे जमते.

दुसरी अडचण समुद्राची. किनाऱ्यावर भाजी आणि मासळी यांच्यामधली रेघ देशावरच्यापेक्षा पुसट असते, आणि वांग्याच्या, दुधीच्या किंवा वालाच्या भाजीत मूठभर सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, किंवा चिमूटभर सुका जवळा घातला जातो तो चवीसाठी. रांधणाऱ्याच्या लेखी ती भाजीच असते. तळणाच्या कढईत सकाळी मासे तळले असतील तर त्याच तेलात दुपारी भजी निघू शकतात, आणि तांदळाची भाकरी ज्या तव्यावर भाजायची त्याच तव्यावर तुकडी भाजली गेलेली असू शकते. तेवढ्याने पदार्थाचे घटक बदलत नाहीत, पण बऱ्याच व्हीगन प्रवाशांना ते चालत नाही, आणि त्यांनी ते आधी सांगितलेले बरे.

येथे एक गोष्ट प्रवाशाच्या बाजूने आहे. वेगळी भांडी, वेगळा तवा, वेगळे तेल ही मागणी गावाला नवी नाही. पंढरीची वारी करणारे, गळ्यात तुळशीची माळ घातलेले माळकरी लोक मासे खाणाऱ्या वस्त्यांतही असतात आणि त्यांच्यासाठी एकाच घरात भांडी वेगळी ठेवली जातात. शिवाय श्रावणात निम्मे गाव मासळी सोडते आणि सोवळ्याच्या स्वयंपाकाची शिस्तही जुन्या घरांना ठाऊक आहे. म्हणून ‘माळकऱ्याला चालेल असे करा’ हे वाक्य ‘व्हीगन’ या शब्दापेक्षा लवकर समजते. परंतु माळकऱ्याला दूध-तूप चालते, उपवासाच्या साबुदाणा खिचडीत तर तूप प्रतिष्ठेने येते, आणि तेथेच ही जुनी चौकट अपुरी पडते. अनुभव असा आहे की प्रकाराचे नाव सांगण्यापेक्षा वस्तूंची नावे सांगितली तर काम होते: काकू, माळकऱ्यासारखेच करा, आणि वर दूध, दही, ताक, तूप, लोणी यांतले काही नको, फोडणी शेंगदाण्याच्या तेलाची द्या, सोलकढीत ताक घालू नका. नुसते ‘तूप नको’ म्हटले तर ते पथ्याचे किंवा वजनाचे कारण समजले जाते, आणि मग ‘थोडेसे चालते हो’ असा आग्रह होणे अटळ असते. कारण सांगावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण डॉक्टरांच्या नावावर खोटे पथ्य सांगण्याची काही प्रवाशांची पद्धत टिकाऊ नाही, कारण पथ्यकऱ्याला ताकाचा घोट मायेने दिला जातोच.

वेळेचा मुद्दा वालाच्या बाबतीत अगदी प्रत्यक्ष होतो. रायगडचे वाल प्रसिद्ध असून त्यांचे बिरडे, म्हणजे मोड आणून सोललेल्या वालांची नारळ घातलेली उसळ, हा येथल्या शाकाहारी ताटातला मानाचा पदार्थ. परंतु वाल रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, पुन्हा कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलेपर्यंत सहज दीड-दोन दिवस जातात, आणि दुपारी गावात उतरून रात्री बिरडे मागणाऱ्याला मुगाच्या उसळीवर समाधान मानावे लागते. ऋतूही पाहावा लागतो. पावसाच्या आरंभी टाकळा, भारंगी, फोडशी या रानभाज्या मिळतात, उन्हाळ्याच्या तोंडावर कोवळ्या फणसाची, म्हणजे कुयरीची भाजी आणि ओल्या काजूंची उसळ होते, केळफूल आणि अळू बहुतेक वर्षभर असतात. हिवाळ्यात जिल्ह्यात ठिकठिकाणी पोपटी लावतात: मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, मीठ आणि ओवा भरतात, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात, आणि पाणी वा तेल यांचा थेंब न वापरता शेंगा त्या पाल्याच्या वासात शिजतात. हल्ली त्यात कोंबडी आणि अंडी सर्रास घालतात. नुसत्या शेंगांची पोपटी सांगून लावून घ्यावी लागते आणि ती सांगणाऱ्याकडे थोडे दयेने पाहिले जाते.

प्रवासातले खाणे या मानाने थोडक्यात सांगण्यासारखे आहे. पुण्याहून ताम्हिणी घाटाने किंवा मुंबईहून महामार्गाने आले तरी माणगाव लागतेच आणि तेथून म्हसळा, बोर्ली पंचतन करत गावात पोहोचता येते. वाटेत कांदेपोहे, वडापाव, दही न घेतलेली मिसळ, उसळपाव आणि भजी हे पदार्थ सहसा व्हीगन असतात, मात्र पाव लोण्यावर भाजला जात नाही ना, हे पाहावे लागते. चहाच्या टपरीवर दूध, साखर व पूड एकत्र उकळत असल्याने कोरा चहा वेगळा सांगावा लागतो. कोकणात तो कमीपणाचा मानत नाहीत आणि गवती चहा, आले घालून तो चांगला होतो. बिस्किटांच्या बहुतेक पुड्यांत दुधाची भुकटी असते. साखरेविषयी परदेशी व्हीगन प्रवासी अनेकदा शंका काढतात, कारण काही देशांत ती हाडांच्या कोळशातून गाळली जाते. महाराष्ट्रातील कारखान्यांत पांढरी साखर सहसा चुना आणि सल्फर डायऑक्साइड वायू वापरून शुद्ध केली जाते, त्यामुळे ती शंका येथे फारशी लागू पडत नाही.

घरी परतल्यावर या स्वयंपाकातले काय टिकते, हा खरा कसोटीचा भाग आहे. नोकरी करणाऱ्या शहरी कुटुंबात रोज नारळ खोवणे होत नाही, आणि डब्यातला तयार रस महाग पडतो व त्याला ताज्या रसाचा वास नसतो. म्हणून सुटीच्या दिवशी दोन-तीन नारळांचा रस काढून लहान डब्यांत गोठवून ठेवणे हा मार्ग बहुतेकांना जमतो, फक्त वितळल्यावर तो घुसळून घ्यावा लागतो. येताना आणलेले आगळ, आमसुले, कुळथाचे पीठ आणि वाल पुष्कळ दिवस पुरतात. कुळथाच्या पिठाचे पिठले, तांदळाची भाकरी आणि आमसुलाचे सार हे जेवण अर्ध्या तासात होते. भाकरीबरोबर लसणीची चटणी आणि तिच्यावर कच्चे तेल, हे तर महाराष्ट्रातल्या कष्टकरी घरांनी पिढ्यान् पिढ्या खाल्लेले अन्न आहे आणि त्याला नवे नाव देण्याची गरज नाही. वरणभातावर तुपाच्या जागी काय घ्यावे, याला मात्र समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. कोकमाच्या बियांपासून काढलेले कोकमेल, जे भेगाळलेल्या टाचांना लावतात आणि काही ठिकाणी खाण्यातही वापरत, ते गरम भातावर वितळते. पण त्याला तुपाचा वास नाही. खाणारे शेवटी शेंगदाण्याच्या तेलाची लसणीची फोडणी वरणावरच देऊन मोकळे होतात.

आहारशास्त्राच्या दृष्टीने एक फरक डोळ्यांआड करता येत नाही. नारळाचा रस पाककृतीत दुधाची जागा घेतो, पोषणात घेत नाही: त्यात स्निग्धांश भरपूर, प्रथिने आणि कॅल्शियम थोडे. प्रथिनांसाठी वाल, मूग, कुळीथ आणि शेंगदाणे, कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ यांवर भर द्यावा लागतो. ब-१२ जीवनसत्त्व मात्र वनस्पतीजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही आणि व्हीगन व्यक्तीने त्याची गोळी किंवा ते मिसळलेले अन्न घेणे आवश्यक ठरते, पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनगटाने दूध पिणाऱ्या शाकाहारी लोकांतही याची कमतरता मोठ्या प्रमाणात असल्याचे दाखवून दिले आहे. या जीवनसत्त्वाचा शोध १९४८ सालचा. महात्मा गांधींनी १९१२ मध्ये दूध सोडले आणि १९१९ च्या सुमारास मुंबईत, दीर्घ आजारपणानंतर, डॉक्टरांच्या आग्रहाने व कस्तुरबांच्या सूचनेवरून शेळीचे दूध घेण्यास ते राजी झाले, तेव्हा दुधाला पर्याय देऊ शकणारे ज्ञान कोणाच्याच हाती नव्हते. आपल्या शपथेचे शब्द पाळले गेले पण आशय मोडला, ही त्यांची खंत त्यांनी आत्मचरित्रात नमूद केली आहे. आजच्या व्हीगन माणसाची ती खंत टळली आहे, आणि टाळणारी वस्तू औषधाच्या दुकानात मिळते, वाडीत नव्हे.

राहता राहिला पैशाचा हिशेब, आणि तो खानावळ चालवणाऱ्यांच्या बाजूने पाहिला तर वेगळा दिसतो. शाकाहारी थाळीचा दर मासळीच्या थाळीपेक्षा बराच कमी असतो, आणि ‘त्यातूनही दूध-तूप वगळले म्हणजे आणखी स्वस्त’ अशी प्रवाशाची समजूत असते. प्रत्यक्षात चार माणसांच्या अशा जेवणाला सोलकढी, आमटी आणि मोदक धरून तीन-चार नारळ सहज लागतात आणि खोवणे-पिळणे यांत एका बाईची सकाळ जाते, उलट सुरमईची तुकडी मसाला लावून पाच-दहा मिनिटांत तळून होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांतले माड व पोफळी मोठ्या संख्येने उन्मळून पडल्या. नवा लावलेला माड फळाला यायला सहा-सात वर्षे घेतो, आणि तोवर ज्या घरांचा नारळ घरचा होता त्यांना तो विकत घ्यावा लागला. २०२५ मध्ये देशभर नारळाचे भाव चढले तेव्हा ही झळ अधिकच जाणवली. ज्यांचे माड उभे राहिले त्यांनाही नारळ फुकट पडत नाही, कारण नारळ पाडणारा माणूस मजुरी घेतो ती चढलेल्या माडामागे, मग त्यावर पाच नारळ निघोत की पंचवीस. तेव्हा सोलकढी दुसऱ्यांदा मागणाऱ्या पाहुण्याला ती मोफत देण्याची जुनी रीत काही खानावळींनी सोडली तर त्यात कंजुषी शोधू नये. आणि मागणी नोंदवतानाच ‘नारळाचे वेगळे किती?’ असे पाहुण्यानेच विचारले, तर समोरच्या बाईला ते स्वतःहून सांगण्याचा संकोच उरत नाही.